काठावरचे पालक

उन्हाळ्याची सुटी लागली की पणजीतील कांपालच्या आणि मडगावनजीक फातोर्ड्याच्या जलतरण तलावांवर मुलामुलींची झुंबड उडते. शिबिरांतून काही मुले नियमित सरावास येऊ लागतात आणि पुढे शालेय व वयोगटांच्या स्पर्धांत उतरतात. या मुलांची, त्यांच्या प्रशिक्षकांची आणि पदकांची वार्ता क्रीडापृष्ठांवर येते. परंतु त्याच तलावांच्या काठी तासनतास तिष्ठणाऱ्या पालकांचा विचार सहसा कोणी करीत नाही. स्पर्धेच्या दिवशी या पालकांनी नेमके काय करावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. मुलांना खेळात न्याय मिळतो की नाही, हे मात्र पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे आम्हांस वाटते.

जलतरणाच्या स्पर्धेला माणसे किती लागतात याची कल्पना प्रेक्षागारात बसून येत नाही. तलाव आठ लेनचा असेल आणि वेळ हाताने नोंदवायची असेल, तर प्रत्येक लेनला तीन याप्रमाणे २४ वेळ-नोंदणीस लागतात. प्रत्येक लेनच्या दोन्ही टोकांना वळण तपासणारा निरीक्षक हवा, म्हणजे आणखी १६. मुख्य पंच, इशारा देणारा स्टार्टर, पोहण्याची शैली पाहणारे पंच, मुलांना क्रमाने उभे करणारे आणि निकाल लिहिणारे हे सर्व वेगळेच. मोठ्या स्पर्धांत भिंतीवरील विद्युत्-पट्ट्या वेळ टिपतात. परंतु प्रत्येक तालुक्याच्या वा शाळेच्या स्पर्धेला ती यंत्रणा परवडणारी नाही. आणि एवढी माणसे मानधन देऊन आणावयाची, तर तो भार अखेर प्रवेशशुल्काच्या रूपाने मुलांच्याच माथी बसणार.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ही अडचण पालकांनीच सोडविली आहे. तेथील क्लबांच्या व शाळांच्या स्पर्धा पालक स्वयंसेवकांवाचून उभ्याच राहू शकत नाहीत. कोणी स्टॉपवॉच धरतो, कोणी धाकट्या मुलांना योग्य लेनपाशी नेतो, कोणी पाणी व अल्पोपाहार सांभाळतो. ज्यांना रुची वाटते ते रीतसर शिक्षण घेऊन पुढे पंचही होतात.

हे काम कोणालाही सहज जमेल, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत नोंदली जाते. इशाऱ्याचा ध्वनी वीस मीटर दूरच्या लेनपर्यंत पोहोचण्यास सुमारे ६ शतांश सेकंद लागतात. म्हणून जेथे दिव्याचा इशारा असेल तेथे कानावर न विसंबता दिवा पाहून घड्याळ सुरू करावयाचे असते. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या प्रकारांत दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागावे लागतात. दहा वर्षांच्या मुलाचा एक हात आधी लागला, तर निरीक्षकास ते सांगावेच लागते. ते सांगताना लागणारे धैर्य आणि त्या मुलाविषयीची करुणा, दोन्ही एकाच माणसापाशी असावी लागतात.

माणसाच्या डोळ्यावर किती भिस्त ठेवावी, याचा धडा १९६० च्या रोम ऑलिंपिकने दिला आहे. १०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेच्या लान्स लार्सनची वेळ तीन घड्याळांनी ५५.०, ५५.१ आणि ५५.१ सेकंद दाखविली. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटची तिन्ही घड्याळांवर ५५.२ होती. पंचांची मते मात्र विभागली गेली आणि सुवर्णपदक डेव्हिटला देण्यात आले. विद्युत्-यंत्रणेची निकड या वादाने साऱ्यांना पटवून दिली. हाताच्या घड्याळांचा आजचा नियमही शहाणपणाचा आहे. तिघांपैकी दोघांची वेळ जुळली तर ती ग्राह्य. तिघांची भिन्न असेल तर मधली ग्राह्य. आपण पाचामुखी परमेश्वर म्हणतो, तलावाच्या काठी तो तिघांमुखी असतो एवढेच! परंतु तिघांपैकी एक जण भ्रमणध्वनीत गुंतलेला असेल आणि दुसरा आपल्या मुलाच्या नावाने ओरडत असेल, तर तिसऱ्याने काय करावे?

पालक म्हटला की पक्षपात आलाच, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे; आणि त्यावरील उपायही सोपा आहे. आपले मूल ज्या शर्यतीत असेल, त्या शर्यतीत त्या पालकाने घड्याळ धरू नये. दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. परदेशांतील अनेक क्लब काम न करणाऱ्या पालकांकडून दंड घेतात. ती रीत आम्हांस मान्य नाही. मासळी विकणाऱ्या आईला किंवा टॅक्सी चालविणाऱ्या वडिलांना रविवार हा सुटीचा वार नसतो. स्वेच्छेने करावयाच्या कामाचा कर झाला, की गरिबाचे मूल तलावापासून दूर जाते. कामाची वाटणी करताना चहा-सरबत आयांकडे आणि स्टॉपवॉच वडिलांकडे, अशी विभागणीही होऊ नये.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. अमेरिकेत प्रशिक्षकांकडून अल्पवयीन खेळाडूंवर झालेल्या अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आल्यावर जलतरण संघटनेला २०१० साली आपले नियम कडक करावे लागले आणि २०१८ साली खेळाडूंच्या संरक्षणासाठी कायदाच झाला. आपल्याकडेही २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. स्वयंसेवकाचा बिल्ला मिळाला म्हणजे कोठेही मुक्त संचाराचा परवाना मिळाला, असे होता कामा नये. प्रत्येकाची नोंद असावी, कपडे बदलण्याच्या खोलीत कोणाही प्रौढाने मुलांसोबत एकटे राहू नये, तेथे छायाचित्रण तर सर्वथा वर्ज्य असावे.

हे सारे आपल्याला नवे नाही. गोव्याच्या गावोगावी जत्रेचे नाटक उभे राहते ते पडदा ओढणाऱ्या, रंगपट सांभाळणाऱ्या आणि प्रॉम्प्टिंग करणाऱ्या गावकऱ्यांच्या जोरावर. तेथे कोणी मोबदला मागत नाही आणि कोणी नुसता प्रेक्षकही राहत नाही. तोच माणूस मुलाला घेऊन तलावावर गेला की तक्रार करणारा ग्राहक का व्हावा? गोवा क्रीडा प्राधिकरणाने आणि जलतरण संघटनेने प्रत्येक हंगामापूर्वी पालकांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग घ्यावा, सरावाच्या वेळी त्यांच्या हाती घड्याळे द्यावीत, आणि जे कसोटीस उतरतील त्यांनाच स्पर्धेत काम द्यावे. यास फारसा खर्च येणार नाही.

यातून मिळणारा लाभ मात्र केवळ अचूक वेळेपुरता नाही. परक्याच्या मुलाची वेळ प्रामाणिकपणे टिपणाऱ्या पालकाला त्या मुलाचे कष्टही दिसू लागतात, आणि शेवटच्या क्रमांकाने भिंतीला हात लावणाऱ्या मुलासाठीही तो तितक्याच एकाग्रतेने घड्याळ थांबवितो. आपल्या मुलांना खेळातून जी निःपक्षपाती वृत्ती शिकविण्याची आपण अपेक्षा धरतो, ती आधी काठावरच्या पालकांनी शिकावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.