सापाच्या पिलाची भीती

जयपूरजवळच्या आमेरच्या किल्ल्याकडे चढणाऱ्या वाटेवर वर्षानुवर्षं एकच खेळ चालत आला. गारुड्यानं टोपलीचं झाकण उचलायचं, पुंगी हलवायची, नागानं फणा काढून डोलायचं आणि पर्यटकांनी त्याला नाच म्हणायचं. नाग नाचत नसतो. अंधारातून एकदम उजेडात आलेला तो प्राणी समोर हलणाऱ्या पुंगीच्या टोकावर नजर ठेवून स्वतःचा बचाव करत असतो. अलीकडे मोठ्या शहरांतल्या हौशी घरांत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक अशा परदेशी, बिनविषारी सापांची पिल्लं येऊ लागली आहेत आणि तिथे हीच गफलत उलट बाजूनं होते. काल हातावर शांत बसलेलं पिल्लू आज मान आखडून घेतं, फूत्कारतं, झेप घेतं. मग घरात चर्चा सुरू होते की पिल्लू रागीट निघालं, बिघडलं, कदाचित डूख धरून बसलं. माझं म्हणणं असं, की सापाच्या पिलाचा हल्ला हा स्वभावाचा पुरावा म्हणून वाचूच नये. तो परिस्थितीचा पुरावा आहे. त्याचं कारण शोधायचं तर ते पिलाच्या शरीरात, त्याच्या पेटीत किंवा आपल्या हाताच्या हालचालीत शोधावं. बहुतेक वेळा ते तिथेच सापडतं.

अंड्यातून बाहेर आलेलं सापाचं पिल्लू म्हणजे मुंगूस, घोरपड, मांजर, कोंबडी, शिकारी पक्षी आणि मोठे साप या सगळ्यांचं खाद्य. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, पण पिल्लं बाहेर आल्यावर त्यांना सांभाळायला कोणी नसतं. पळून जावं तर वेग बेताचाच आणि ताकद लवकर संपणारी. अशा जिवाकडे उरतं ते एकच, आहे त्याहून मोठं आणि धोकादायक दिसणं. अमेरिकेतल्या कॉटनमाउथ या विषारी सापाच्या २००४ मधल्या एका अभ्यासात लहान आकाराचे साप मोठ्यांपेक्षा जास्त वेळा झेपावताना दिसले. त्याच जातीवर व्हिट गिबन्स आणि मायकल डॉर्कस यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. त्यात कृत्रिम हातानं चाचणी घेतलेल्या ३६ सापांपैकी फक्त १३ चावले. बाकीच्यांनी निसटण्याचा, नाहीतर इशारे देऊन भागवण्याचा मार्ग धरला. आपल्याकडे पुण्यात नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या केबिनमध्ये ७२ तास राहिले, ते सापांना डिवचलं नाही तर ते माणसावर धावून येत नाहीत हे लोकांना पटावं म्हणूनच. चावणं हा सापाचा शेवटचा उपाय असतो. पिलाकडे त्याआधीचे उपाय कमी असतात, एवढाच काय तो फरक.

आता ‘अचानक’ या तक्रारीकडे येऊ, कारण पाळणाऱ्याचा सगळा गोंधळ तिथे होतो. पहिलं कारण कात. वाढणारं पिल्लू साधारण चार ते सहा आठवड्यांनी कात टाकतं. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. कात सुटण्याआधी जुन्या आणि नव्या थरांमध्ये द्रव साठतो, डोळे दुधाळ निळसर होतात आणि पिलाला धड दिसत नाही. त्या दिवसांत वरून येणारा हात त्याला घारीच्या झडपेसारखाच वाटणार. जयपुरात या कारणाला हवेची जोड मिळते. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, लू म्हणजे तापलेला वारा वाहतो आणि दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. बॉल पायथन मुळात घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा. त्याला साधारण ६० टक्के आर्द्रता मानवते. इथे वातानुकूलित खोलीत ठेवलेल्या पिलाची कात सलग न सुटता तुकड्यातुकड्यांनी निघते, कधी डोळ्यावरचा खवला तसाच अडकून राहतो आणि मालकाला मात्र एवढंच दिसतं, की पिल्लू चिडकं झालंय. कूलरच्या खोलीतली हवा निदान ओलसर असते. पावसाळा सुरू झाला की हवेतला कोरडेपणा जातो आणि पिलाचं वागणं पुन्हा बदलतं. तेव्हा घरचे म्हणतात, आता सुधारलं.

जानेवारीत उलटा प्रकार. रात्रीचं तापमान एकेरी आकड्यात जातं आणि पेटीतली ऊब कमी पडली तर सापाचे स्नायू मंदावतात. ज्याला पळता येत नाही त्याला थांबून तोंड द्यावं लागतं. पॉल हर्ट्झ, रेमंड ह्यूई आणि एविआतार नेवो यांनी १९८२ मध्ये सरड्यांमध्ये हेच दाखवलं होतं. अंग तापलेलं असताना ते पळत, गार असताना वळून अंगावर येत. सापांमध्ये जातीप्रमाणे चित्र बदलतं, पण तापमान न पाहता स्वभावावर बोलू नये एवढं त्यातून नक्की निघतं. कंपनांचंही तसंच. सापाला बाहेरचा कान नसतो, म्हणून तो बहिरा समजला जातो. बॉल पायथनवरच २०१२ मध्ये झालेल्या प्रयोगांत दिसलं, की ८० ते १६० हर्ट्झच्या खर्जातल्या कंपनांना तो चांगला प्रतिसाद देतो. लग्नसराईत गल्लीतून जाणाऱ्या वरातीतल्या डीजेचा ठोका याच पट्ट्याच्या आसपास येतो आणि भिंती-जमिनीतून पेटीपर्यंत पोहोचतो. त्या रात्री पिल्लू झेपावलं तर मला त्यात नवल वाटत नाही. हाताला उंदराचा वास असेल तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे भीती नाही, भूक आहे. भक्ष्य समजून धरलेला चावा सुटत नाही आणि वेटोळंही पडतं. बचावाचा चावा क्षणात लागतो आणि सुटतो. दोन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे हा फरक पाळणाऱ्याला कळायलाच हवा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एकाच विणीतली, एकाच पेटीतली दोन पिल्लं वेगळी वागतात, मग स्वभाव नाही असं कसं म्हणायचं? स्टीव्हन आर्नल्ड आणि अल्बर्ट बेनेट यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या गार्टर सापांच्या नवजात पिलांवर काम केलं आणि व्यक्तिगत फरक खरे असतात, त्यांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे दाखवलं. हॅरल्ड हर्झॉग आणि गॉर्डन बुर्गहार्ट यांना पहिल्या वर्षभर हे फरक बऱ्याच अंशी टिकलेले दिसले. तेव्हा स्वभाव आहे, हे मी मान्य करते. पण तो ठरवतो काय? कितपत डिवचल्यावर बचाव सुरू होणार, ती पातळी. एखाद्या पिलाची ती पातळी खालची असते, म्हणून त्याला जरा लवकर भीती वाटते. आणि मुख्य म्हणजे जन्मजात स्वभाव हे कालपासून आज झालेल्या बदलाचं स्पष्टीकरण होऊच शकत नाही. काल आणि आजमध्ये पिल्लू तेच आहे. दुसरं काहीतरी बदललंय.

दुसरा आक्षेप हौशी मंडळींचा. रोज हाताळलं की पिल्लू माणसाळतं, मग एवढा विचार कशाला? वारंवार, इजा न करता येणाऱ्या हालचालीला पिल्लं सरावतात, त्यांच्या झेपा कमी होतात, हे हर्झॉग आणि सहकाऱ्यांच्याच प्रयोगांत दिसलं आहे. सराव उपयोगी आहे, थोडा वेळ, बाजूनं हात नेऊन, खाल्ल्यावर दोन दिवस आणि कातीच्या काळात पूर्ण सुट्टी देऊन. पण शांतपणाचा अर्थ लावताना गारुड्याचा नाग आठवावा. तो गर्दीत शांत असतो, कारण कित्येकदा त्याचे विषदंत उपटलेले असतात, कधी तोंड शिवलेलं असतं, दिवसेंदिवस पाणी मिळालेलं नसतं. नागपंचमीला तो दूध पितो ते याच तहानेपायी. बॉल पायथनचं पिल्लू डोकं आत घेऊन चेंडूसारखं गुंडाळून बसतं आणि कित्येक जण त्याला लाड करून घेणं समजतात. तीही बचावाचीच मुद्रा आहे. मला झेपावणाऱ्या पिलापेक्षा या गुपचूप पिलाची काळजी जास्त वाटते, कारण त्याचं म्हणणं कोणाच्या कानी पडत नाही.

साप पाळावेतच का, असं कोणी विचारेल. नाग, अजगर, धामण, मांडूळ हे आपले साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे. याच कायद्यानं सापांचे खेळ करणाऱ्या राजस्थानातल्या कालबेलियांची टोपली हातातून गेली. त्यांची गाणी आणि नृत्यं २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, त्यांच्यातल्या नर्तकी गुलाबो सपेरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, पण सापावर पोट भरणाऱ्या सगळ्याच घरांना रंगमंच मिळाला नाही, हेही विसरू नये. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतल्या बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. माझं मत विचाराल तर लू आणि थंडी या दोन्हींत पेटीची हवा राखणं ज्याला जमणार नाही, त्यानं नोंद करूनही पिल्लू आणू नये.

मात्र हा विषय पाळणाऱ्यांपुरता नाही. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे आणि जास्त झळ बसणाऱ्या राज्यांत राजस्थान मोडतं. पावसाळ्यात मोरीत किंवा अंगणात दिसणारं नागाचं वीतभर पिल्लू जन्मापासून विषारी असतं आणि जन्मापासून फणा काढतं. त्याला पाहून झाडू घेऊन पुढे सरसावणं म्हणजे त्याचा निसटण्याचा मार्ग बंद करणं. चार पावलं मागे सरून, लहान मुलांना आणि कुत्र्याला आत घेऊन, वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलावलं तर त्या पिलाला झेपावण्याचं कारण उरत नाही. राजस्थानच्या वाळूत आणि रत्नागिरीच्या कातळसड्यांवर, दोन्हीकडे आढळणारं फुरसं तर अंगावरचे दातेरी खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं, आणि त्याचं पिल्लूही तो काढतं. रात्री हातात विजेरी आणि पायांत बूट असले, आणि हा आवाज कशाचा हे ठाऊक असलं, तर पाय वेळेवर मागे घेता येतो.