माथेरान ‘बिघडलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

ईदची किंवा दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : माथेरान आता पूर्वीचं राहिलं नाही. बी.एड.ला होतो तेव्हापासून पाठीवर सॅक टाकून मी नेरळहून चालत वर जातो. गर्दी वाढली, हे मलाही दिसतं. दस्तुरी नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, पॉइंटांच्या कड्याखाली बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं पडलेली असतात. यावरून माझं कुणाशी भांडण नाही. भांडण आहे ते ‘पूर्वीचं’ या शब्दाशी.

ज्या पूर्वीच्या माथेरानसाठी आपण हळहळतो, ते चालत कशावर होतं? दस्तुरीच्या पुढे मोटार जात नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी तेवढी अपवाद. 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, ते योग्यच झालं. नाहीतर तिथे आज काय उभं राहिलं असतं ते सांगायला नको. पण मोटार नाही म्हणून ओझं काही कमी होत नाही. गॅसचे सिलिंडर, तांदळाची पोती, पर्यटकांच्या बॅगा आणि ज्याला दोन-तीन किलोमीटर चालायचं नाही तो पर्यटक स्वतः, हे सगळं त्या लाल मातीच्या चढावरून माणसांनी आणि घोड्यांनी वाहिलं. हातरिक्षा तुम्ही पाहिली असेल. पुढे एकजण ओढतो, मागून दुसरे ढकलतात आणि आत बसलेले साहेब मोबाइलवर झाडांचा व्हिडिओ घेत असतात. धूर नाही, हॉर्न नाही. या शांततेची किंमत कुणाच्या गुडघ्यांनी आणि फुप्फुसांनी मोजली, हे त्या व्हिडिओत येत नाही.

तसं हे जुनंच आहे. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरान ‘शोधलं’, असं आपण पाठ करतो आणि मुलांकडून पाठ करून घेतो. उतारावरच्या वाड्यांतले ठाकर, कातकरी, धनगर तेव्हा काय डोळे मिटून बसले होते? नेरळ-माथेरानची छोटी गाडी 1907 साली सुरू झाली, ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी सुमारे 16 लाख रुपये घालून बांधली. हे नाव घेताना आपल्या लोकांची छाती फुगते. फुगू द्या, मीही वर्गात ते आवर्जून सांगतो. पण वीस-एकवीस किलोमीटरचा तो डोंगर ज्यांनी फोडला, त्या मजुरांचं नाव ना इंग्रजांच्या यादीत आहे, ना आपल्या.

आता ई-रिक्षाचं पाहू. 2022 च्या डिसेंबरात त्यांची चाचणी सुरू झाली, आणि लगेच ओरड झाली की माथेरानचं माथेरानपण गेलं. घोडेवाल्यांचा विरोध मला समजतो. पावसाळ्यात पर्यटक नसला तरी घोडा खातोच. त्यांच्या पोटाचा प्रश्न वेगळा सोडवावा लागेल आणि तो सोडवायला सरकारला वेळ नाही, ही खरी तक्रार आहे. पण मुंबईहून दोन दिवसांसाठी येणाऱ्यांनी ‘वातावरण बिघडतं’ म्हणून गळा काढावा? वर राहणाऱ्या मुलाला शाळेत जायचं असतं, म्हातारीला दवाखान्यात जायचं असतं. शिक्षक म्हणून मला पहिल्यांदा तेच दिसतं.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत अमानवी ठरवली आणि सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा भाड्याने देऊन ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, असंही सांगितलं. स्वातंत्र्यानंतर 78 वर्षांनी हे न्यायालयाला सांगावं लागलं, याची लाज कुणाला वाटल्याचं मला तरी दिसलं नाही.

मार्च 2025 मध्ये माथेरान बंद ठेवलं गेलं, कारण काय तर दस्तुरीवर पर्यटकांची दिशाभूल होते, त्यांना लुबाडलं जातं. लुबाडणूक ती लुबाडणूकच, तिची वकिली मी करणार नाही. फक्त त्या आठवड्यात जितक्या जणांनी मला संतापाचे मेसेज पाठवले, त्यातल्या एकानेही हातरिक्षावाल्यांबद्दल कधी एक ओळ पाठवलेली नव्हती.

आपल्या समाजालाही सांगतो. ईदनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वर जातात, चांगली गोष्ट आहे. मजुरीबद्दलची हदीस आपल्या मुलांना तोंडपाठ असते. त्याच मुलांसमोर अब्बाजान हमालाशी पन्नास रुपयांवरून पंधरा मिनिटं हुज्जत घालतात, आणि रात्री हॉटेलात हजाराचं बिल गुमान भरतात. मेन्यूकार्डाशी हुज्जत घालता येत नाही ना!

धडधाकट असाल तर सॅक पाठीवर घ्या आणि चाला. तेवढ्याच बॅगा न्या. नाही जमलं तर ई-रिक्षात बसा, पण चालवणाऱ्याला विचारा : गाडी तुझी की ठेकेदाराची? काल रिक्षा ओढणारा आज रोजंदारीवर दुसऱ्याची गाडी हाकत असेल, तर त्याबद्दल नगरपरिषदेला लिहा. तक्रारीचं पत्र मराठीत कसं लिहायचं ते मी शिकवतो, फी लागणार नाही.