तळणाचे तेल आणि ट्रॅक्टरची टाकी

गेल्या हंगामात सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत मारेगावच्या रस्त्यावरील एका उपाहारगृहासमोर हडंबा जोडलेला एक ट्रॅक्टर उभा होता. आत आलूबोंड्यांची कढई उतरत होती. ट्रॅक्टरचे मालक मला म्हणाले, "साहेब, हे काळे झालेले तेल दुकानदार नालीत ओततो. तेच गाळून टाकीत टाकले तर इंजिन चालणार नाही का?" प्रश्न थट्टेचा नव्हता. मळणीच्या भाड्यातून डिझेलचा खर्च वजा जाता हाती काय उरते, याचा हिशेब त्या गृहस्थांना तोंडपाठ होता.

इंजिन चालेल, असेच त्याचे उत्तर आहे. आणि खरा धोका त्यातच आहे. न चालते तर कोणी फसले नसते.

वनस्पती तेलावर हे इंजिन चालते, ही गोष्ट नवी नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीचे एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. ते इतके सुरळीत चालले की फार थोड्या प्रेक्षकांच्या ही बाब ध्यानात आली, असे इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल यांनीच १९१२ साली नमूद केले आहे. आपल्या शेजारच्या आदिलाबाद भागातील एका कोलाम वस्तीतही या शतकाच्या आरंभी करंजाच्या तेलावर जनित्र चालवून दिवे लावण्यात आले. परंतु एका जागी बसविलेले, संथ व एकसारख्या भाराने चालणारे इंजिन वेगळे, आणि नांगरणी, वाहतूक व मळणी अशी सर्व कामे करणारा आजचा ट्रॅक्टर वेगळा.

खाद्यतेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. नोझलमधून डिझेलचे जसे बारीक तुषार उडतात तसे या तेलाचे उडत नाहीत. थेंब मोठे पडतात, ते पुरते जळत नाहीत आणि नोझलच्या तोंडाशी काजळी धरते. पुढे पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेले तेल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते व ते घट्ट होते. जवसाचे तेल लाकडी दाराला लावले असता काही दिवसांत त्याचा कडक थर बनतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सोयाबीन व सरकीच्या तेलात हा गुण जवसाहून कमी, पण आहेच. आणि इंजिनाच्या उष्णतेत त्याला वाव मिळतो. पामतेलाची तऱ्हा निराळी. ते पौषातल्या थंडीत टाकीतच थिजते व फिल्टर तुंबवते. शिवाय तळणाच्या तेलात पदार्थातले पाणी, मीठ, पिठाचे कण आणि वारंवार तापून निर्माण झालेली आम्ले असतात. धोतराच्या फडक्यातून गाळल्याने पिठाचे कण निघतील, आम्ले निघणार नाहीत. पहिले काही दिवस काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही आणि शेजारी पाहून आणखी चार जण तोच प्रयोग करतात. लिटरमागे वाचविलेला पैसा इंधनपंपाच्या एकाच दुरुस्तीत जातो.

यावरील उपायही जुनाच आहे. तेलाचा मिथाइल अल्कोहोल व थोड्या कॉस्टिकशी संयोग घडवून त्यातील ग्लिसरीन वेगळे काढले म्हणजे डिझेलसारखे पातळ इंधन, म्हणजेच बायोडिझेल, मिळते. अशा रीतीने तेलाचे इंधन करण्याचे एकस्व बेल्जियममध्ये १९३७ सालीच नोंदले गेले. कृती ऐकायला सोपी असली तरी ती घरच्या अंगणात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विषारी दारूतून माणसे आंधळी होतात ती याच मिथाइल अल्कोहोलने, आणि ते पेट घेते तेव्हा त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात दिसतही नाही. बायोडिझेलसाठी भारतीय मानक १५६०७ आहे. त्या कसोटीला उतरलेला मालच टाकीत जावा, तोही उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात.

मग त्या काळ्या तेलाचे काय करावे? माझ्या मते इथे खरी उणीव तंत्राची नसून व्यवस्थेची आहे. तळणाच्या तेलातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते खाण्यासाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळविण्याची 'रुको' योजना सुरू झाली. १० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा बायोडिझेलच्या खरेदीची तयारी जाहीर केली व पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये दर ठरविला. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या उपाहारगृहांनी नोंद ठेवावी, असेही ठरले. शहरासाठी हे योग्यच आहे. परंतु मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी दिवसाला ५० लिटर तेल लागणारी कढई कोठे सापडणार? आपले हातगाडीवाले, चहावाले, लग्नाचे आचारी हे सारे त्या मर्यादेच्या खालीच राहतात. त्यांचे तेल एक तर नालीत जाते, नाही तर स्वस्तात दुसऱ्या कढईत जाते. ही दुसरी वाट अधिक वाईट, कारण त्या कढईतला भजा आपलीच मुले खातात.

वीस लिटर तेलासाठी नागपूरहून गाडी येणार नाही. दोनशे लिटरचे पिंप भरले तर येण्याचा विचार तरी होईल. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी बचत गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने थंड झालेले, गाळलेले तेल मोजून घ्यावे, दुकानदाराला त्याचे पैसे द्यावेत आणि नोंदणीकृत संकलकालाच ते विकावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या गावातील कढया मोजाव्यात. पिंप झाकणाचे असावे, पावसाचे पाणी आत जाऊ नये आणि इंजिनातून काढलेले काळे ऑइल त्यात चुकूनही मिसळू नये. एका वाटीने सगळे पिंप वाया जाते. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस आरंभासाठी उत्तम, कारण तेव्हा घराघरांतही तळणाचे तेल उरलेले असते.

एवढ्याने तालुक्यातील ट्रॅक्टर चालतील, असा भ्रम मी कोणाला देणार नाही. उरलेले तेल थोडेच असणार. ते थोडे आहे म्हणून ताजे तेल जाळू म्हणणे मात्र अविचाराचे होईल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आजही परदेशातून येतो.

त्या ट्रॅक्टरच्या मालकांनी त्या दिवशी टाकीत डिझेलच भरले. दुकानदाराने रिकामा डबा बाजूला काढून ठेवला आणि तो भरल्यावर कोणाला द्यायचा, असे मला विचारले. त्याला नाव व पत्ता सांगता येईल अशी सोय अजून मारेगावात झालेली नाही.