संस्थेचं नाव की लेकरू?

मंडळी, आमच्या शिरूर-दौंडकडे शाळा असो, वसतिगृह असो वा तालीम, मुलाने काही वाईट सांगितलं की मोठ्यांचं उत्तर ठरलेलं : "बोभाटा नको, संस्थेचं नाव जाईल." अहो, आणि लेकराचं काय?

२०१२ चा पोक्सो कायदा स्पष्ट आहे. अत्याचार झाल्याचं कळलं, की पोलिसांना कळवायचंच. संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. बदलापूरला २०२४ मध्ये शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर याच कलमाखाली गुन्हा दाखल झाला. आधी विश्वस्तांची बैठक, मग पालकांची समजूत, हा क्रम कायद्यात कुठेच नाही!

तक्रारपेटी लावलीये म्हणतात. चावी कोणाकडे असते? पुढच्या पालकसभेत फीच्या आधी एवढं विचाराच. आणि १०९८ हा नंबर मुलांना पाठ करून द्या.