जिवंत पेशींतील येरझार

घरांतील शाळकरी मुलांचें जीवशास्त्राचें पुस्तक सहज उघडून पाहावें. पेशीच्या आकृतींत तंतुकणिका, म्हणजे अन्नांतील शक्ति मोकळी करणारी तिची चूल, चवळीच्या दाण्यासारखी निमूट पडलेली आढळेल. हें चित्र खोटें नव्हे. परंतु तें मेलेल्या पेशीचें आहे. पेशी औषधांत घालून मारावयाची, तिचे काप करावयाचे आणि मग पाहावयाचें, ही जुनी रीत. तींत आकार कळतो, चाल कळत नाहीं. वस्तुतः मार्गारेट व वॉरन ल्यूइस या अमेरिकन दांपत्यानें कोंबडीच्या गर्भाच्या जिवंत पेशींत तंतुकणिका वळतांना, तुटतांना व पुन्हां जुळतांना पाहिल्या होत्या आणि १९१५ सालीं तें वर्णन छापलेंही होतें. पण छापील आकृतींतला दाणा कांहीं हलला नाहीं!

१९८० सालीं बोस्टन येथें लॅन बो चेन व त्यांचे सहकारी यांनीं जिवंत पेशींना ऱ्होडामाइन १२३ हा रंग दिला. निळा प्रकाश पडतांच तो हिरवा उजळतो. त्याच्या रेणूवर धन विद्युद्भार असतो आणि राबत्या तंतुकणिकेची आंतली बाजू ऋण असते. त्यामुळें रंग नेमका तेथें ओढला जातो. तिचें काम थांबलें कीं रंगही बाहेर पडतो. इतका सच्चा साक्षीदार विरळा.

अशा रंगांमुळें मज्जातंतूंतील वाहतूक पाहतां येऊं लागली. कमरेपासून पावलापर्यंत गेलेला तंतु सुमारें एक मीटर लांब, आणि तो एकाच पेशीचा! त्यांतील सूक्ष्मनलिकांवरून कायनेसिन हें प्रथिन तंतुकणिकेला टोकाकडे नेतें, डायनीन तिला माघारीं आणतें. (कायनेसिनचा शोध १९८५ सालीं माकूळ या सागरी प्राण्याच्या मज्जातंतूंत लागला.) चाल सेकंदाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी धरली, तर न थांबतां चालूनही मीटरभर वाटेला साडेअकरा दिवस लागावेत, आणि ती तर वारंवार थांबते.

अडचण आहे ती पाहणाराचीच. प्रकाश प्रखर केला कीं चित्र स्पष्ट होतें. पण त्याच प्रकाशानें उद्दीपित झालेल्या रंगापासून प्राणवायूचीं घातक रूपें निर्माण होतात. तंतुकणिका तुटतात, फुगून गोल होतात, येरझार थांबते, आणि डोळ्यांपुढें पुन्हां तेच चवळीचे दाणे! म्हणून जाणता निरीक्षक मंद प्रकाश क्षणभरच टाकतो, आणि रंग दिलेल्या परंतु अंधारांत ठेवलेल्या पेशींशीं आपल्या पेशी शेवटीं ताडून पाहतो.