नळीतला सिगार

गेल्या पंधरवड्यात आमचा भाचा पुण्याहून गावी आला, म्हणून त्याला भेटायला आम्ही ताईकडे गेलो होतो. पोरगा शिकलासवरलेला, मोठ्या कंपनीत लागलेला, नुकतीच बढती मिळालेला. जेवणे आटोपली, ताई भांडी आवरायला आत गेली, तशी त्याने खिशातून ॲल्युमिनियमची एक नळी काढून आमच्यापुढे ठेवली.

"मामा, सिगार आहे. साहेबांनी दिलाय. शनिवारी त्यांच्याकडे पार्टी आहे, तिथे सगळे ओढतात. पेटवायचा कसा, ओढायचा कसा, तेवढं सांगा. चारचौघांत माझी फजिती नको."

वाचकहो, आम्ही क्षणभर गप्पच झालो. समोरच्या भिंतीवर दाजींचा फोटो होता. तंबाखू-चुन्याने त्यांचा जबडा गेला. ऑपरेशननंतर दोन वर्षे पेजेवर काढली आणि गेले. तेव्हा हा पोरगा नववीत होता.

पण आम्ही रागावलो नाही. रागावलो असतो तर त्याने नळी मुकाट खिशात घातली असती आणि दुसऱ्या कोणाला तरी विचारले असते. म्हणून आम्हाला जे ठाऊक होते ते सगळे सांगितले.

सिगार म्हणजे मोठी सिगारेट नव्हे. सिगारेटला कागद असतो. हातवळणीचा सिगार आतून-बाहेरून तंबाखूच. मध्ये पानांची भर, तिला बांधणारे एक पान आणि वर गुळगुळीत वेष्टणाचे पान. क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा या देशांत कारागीर तो हाताने वळतात. तोंडाकडचे टोक बंद असते, ते धारदार पात्याने अगदी थोडे छाटायचे. दुसरे टोक काडीच्या ज्योतीवर थोडे अंतर ठेवून फिरवत फिरवत पेटवायचे. मग मिनिटाभराने एक झुरका. धूर तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. विडीसारखा छातीत ओढायचा नाही. मोठा सिगार तासाहून अधिक चालतो. नवशिक्याने घाई केली किंवा उपाशीपोटी ओढला की घेरी येते, घाम फुटतो, पोटात ढवळते. तरुणपणी एका मित्राच्या लग्नात आम्ही अर्धाच ओढला होता आणि मांडवामागे जाऊन जेवलेले सगळे ओकलो होतो. ते काम निकोटीनचे.

हे ऐकून पोरगा खूश झाला. म्हणाला, "म्हणजे धूर आत घ्यायचाच नाही! मग काय धोका?"

नवशिक्या माणसाला इथेच चकवा बसतो. आम्ही त्याला विचारले, "तुझे बाबा कुठे धूर गिळत होते? आणि तंबाखूला चुना कशाला लावतात, सांग बघू?" त्याला सांगता येईना.

चुना अल्कधर्मी असतो. त्याने तंबाखूतले निकोटीन मोकळे होते आणि तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात उतरते. म्हणून तर चिमूटभर मळलेली तंबाखू चटकन चढते. सिगारची तंबाखू विशिष्ट पद्धतीने वाळवून आंबवलेली असते, त्यामुळे तिचा धूरही सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक अल्कधर्मी. चुना जे काम करतो ते इथे धूरच करतो. छातीत ओढला नाही तरी निकोटीन तोंडातूनच मिळते आणि सवय लागायला तेवढे पुरते. धुरातली कर्करोगकारक द्रव्येही तोंडात, जिभेवर, घशात बसतात. तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका यांचे कर्करोग सिगारने होतात हे सिद्ध झालेले आहे. एकेका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. म्हणजे महागड्या नळीत बसून आली तरी वस्तू तीच, दाजींच्या डबीतली.

पोरगा खाली बघत म्हणाला, "पण मामा, साहेबांनी प्रेमाने दिलाय. नाही कसं म्हणू?"

तेव्हा त्याला अमेरिकेच्या जनरल ग्रँटची गोष्ट सांगितली. हा सेनापती आधी थोडेफारच धूम्रपान करी. फेब्रुवारी 1862 मध्ये त्याने डोनेल्सनचा किल्ला जिंकला. लढाईच्या वेळी त्याच्या हाती सिगार होता असे वर्तमानपत्रांत छापून आले, आणि खूश झालेल्या लोकांनी त्याला सिगारच्या पेट्यांवर पेट्या पाठवल्या. सुमारे 10,000 सिगार आले असे त्यानेच पुढे सांगितले. वाटता आले तेवढे वाटले, पण हाताशी एवढे पडलेले म्हटल्यावर त्याचेही ओढणे वाढले ते वाढलेच. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला. 1884 मध्ये घास गिळताना घसा दुखू लागला. कर्करोग निघाला आणि 23 जुलै 1885 रोजी, वयाच्या 63 व्या वर्षी, तो गेला. ज्यांनी पेट्या पाठवल्या त्यांनीही प्रेमानेच पाठवल्या होत्या.

खरे सांगायचे तर पोराला सिगारची हौस नव्हतीच. त्या घोळक्यात आपण उपरे दिसू, ही धास्ती होती. ती धास्ती आम्ही ओळखतो. आपल्यापैकी जो कोणी घरातला पहिला म्हणून अशा ठिकाणी पोहोचतो, तो ओळखतो. पण त्या टेबलापर्यंत त्याला त्याच्या कामाने नेले होते, झुरक्याने नव्हे. आम्ही म्हटले, "खोटी सबब सांगू नकोस. 'आभारी आहे सर, पण मी ओढत नाही,' एवढंच म्हण आणि दुसरा विषय काढ."

रविवारी त्याचा फोन आला. साहेब "बरं" म्हणाले आणि क्रिकेटवर बोलू लागले. पुन्हा कोणी विचारलेही नाही.

ज्यांची सुरुवात आधीच झाली आहे, मग ती सिगारची असो, विडीची, मिश्रीची वा तंबाखूची, त्यांनी लाज बाळगू नये. 1800-11-2356 हा तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीचा सरकारी मोफत दूरध्वनी आहे. एकदा फिरवून पाहावा.

नळी आमच्याच टेबलावर आहे. पोरगा ती ठेवून गेला. ताईला यातले काही ठाऊक नाही. पण ती हा अंक पहिल्या पानापासून वाचते, तेव्हा कळेलच.