स्वस्त अवजारे घ्या, पण पारखून

पंधरा-वीस नगांचा चकचकीत टूल किट ऑनलाइन स्वस्तात मिळतो. पहिल्याच गंजलेल्या स्क्रूवर मऊ लोखंडाच्या स्क्रूड्रायव्हरचे टोक झिजते आणि स्क्रूची खाचही बिघडते.

त्यापेक्षा पक्कड, टेस्टर, दोन स्क्रूड्रायव्हर, हातोडी आणि टेप एवढीच अवजारे सुटी घ्यावीत. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात ती हाताळून पाहता येतात. पकडीचे जबडे मिटल्यावर फट दिसली, तर ती परत ठेवावी.

ड्रिलचे गणित वेगळे. विटांच्या भिंतीला साधे इम्पॅक्ट ड्रिल पुरते. आरसीसी बीमला रोटरी हॅमर लागतो. वर्षातून दोनदा पडद्याचे रॉड लावायला तो विकत कशाला? भाड्याने आणावा, किंवा सोसायटीने एक सामायिक घ्यावा.

काटकसर जरूर करावी. मात्र टेस्टर आणि डोळ्यांवरचा सुरक्षा चष्मा घेताना ती मुळीच नको.